पायराइटमध्ये कोबाल्ट, निकेल टाकण्याआधी 'शुद्ध' नमुना किती शुद्ध आहे ते बघा

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो. विचारणारे खानापूर तालुक्यातले आहेत, बेळगावात एम.एस्सी. करतात, आणि प्रोजेक्टला कृत्रिम पायराइट घेतलंय, म्हणजे एका लोहाला दोन गंधक असं लोहाचं सल्फाइड. टेफ्लॉन लायनरच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात, फेरस सल्फेट, थायोसल्फेट आणि गंधक घालून २०० अंशांवर त्यांनी पावडर केली. गाईडनी ओळखीतून क्वार्ट्झच्या बंद नळीत वाढवलेले काही स्फटिकही मिळवून दिले. पावडरीत ५ टक्के कोबाल्ट घातल्यावर रेझिस्टन्स धाडकन खाली आला. ५ टक्के निकेल घातल्यावर फारसं काही झालं नाही. काही न घातलेला पेलेट (पावडर दाबून केलेली चकती) हॉट प्रोबवर, म्हणजे एक टोक गरम करून व्होल्टेजचं चिन्ह बघण्याच्या चाचणीत, पी-टाइप दाखवतो (प्रवाह छिद्रं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, नेतात), स्फटिक एन-टाइप दाखवतात (प्रवाह इलेक्ट्रॉन नेतात), आणि एकाच नळीतल्या दोन स्फटिकांचे आकडेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून त्यांनी विचारलंय की फेरस सल्फेट अशुद्ध आहे का, ९९.९९९ टक्क्यांचं मागवायचं का, आणि सोलर सेलसाठी पी-टाइप हवं असेल तर काय टाकायचं.

माझी बरीच वर्षं सल्फाइडचे स्फटिक वाढवण्यात गेली. हल्ली बेळगावात फाउंड्रीवाल्यांचं मटेरियल टेस्टिंग करतो, पण पायराइटचा विषय निघाला की अजून हात शिवशिवतात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमची अडचण 'काय टाकू' ही नाहीच. काही न टाकलेला नमुना म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला अजून माहीत नाही, ही खरी अडचण आहे. ज्याला तुम्ही शुद्ध म्हणताय त्यात तीन गोष्टी आधीच बसलेल्या आहेत: कच्च्या मालातून आलेले धातू, गंधकाच्या रिकाम्या जागा, आणि पृष्ठभाग. या तिघांपैकी कोण तुमच्या मीटरवर बोलतंय हे कळल्याशिवाय चौथी गोष्ट टाकण्यात अर्थ नाही. आणि यातलं कोण वरचढ ठरेल हे नमुना पावडर आहे की स्फटिक यावर अवलंबून असतं. त्यामुळे एकच उत्तर दोन्हीला लागू होणार नाही.

शुद्धतेचा हिशेब आधी करू, कारण तो कागदावर होतो. पायराइटचा घनाकार युनिट सेल, म्हणजे जाळीत पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान ठोकळा, ५.४२ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आसपास असतो आणि त्यात लोहाचे ४ अणू असतात. म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये लोहाचे साधारण २.५ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू झाले. त्यांतल्या दहा लाखांत एकाच्या जागी कोबाल्ट बसला आणि त्याने आपला एक इलेक्ट्रॉन मोकळा केला, तर दर घन सेंटिमीटरला २.५ गुणिले १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन मिळतात. आता चांगल्या, काही न घातलेल्या स्फटिकात खोलीच्या तापमानाला किती इलेक्ट्रॉन असतात? साधारण १० च्या १५ व्या ते १७ व्या घातादरम्यान. म्हणजे ४ पीपीएम (दहा लाखांत चार) कोबाल्ट हा स्फटिकाचा सगळा स्वभाव ठरवायला पुरेसा आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एसजी आयर्न (गोळीदार ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) ओतणाऱ्या कुणालाही विचारा, ०.०४ टक्के मॅग्नेशियमवर ग्रॅफाइट पत्र्यासारखं होणार की गोळीसारखं हे ठरतं, आणि स्पेक्ट्रोवर (धातूचं विश्लेषण करणाऱ्या यंत्रावर) तो आकडा बघितल्याशिवाय वितळलेल्या लोखंडाची लॅडल पुढे सरकत नाही. पायराइटमध्ये त्याच्याही शंभरपट कमी मात्रेवर खेळ चालतो.

या हिशेबाने बघितलं तर ९९.९ टक्के म्हणजे काय? उरलेल्या ०.१ टक्क्यात कोबाल्ट आणि निकेल मिळून नुसते १०० पीपीएम असले तरी १० च्या १८ व्या घातापर्यंत डोपंट, म्हणजे वहनाचा स्वभाव बदलणारे परके अणू, न सांगता घरात शिरले. बाटलीवरच्या टक्केवारीवर जाऊ नका. सोबतच्या विश्लेषणपत्रात कोबाल्ट आणि निकेलची ओळ आहे का ते बघा. ओळच नसेल तर त्याचा अर्थ 'शून्य' असा होत नाही, त्यांनी ते मोजलं नाही इतकाच होतो. टक्केवारी कशाच्या हिशेबाने दिलीय तेही बघा. कित्येकदा ती फक्त धातूंपुरती असते, ऑक्सिजन आणि कार्बन त्यात धरलेलेच नसतात.

तरीही तुमच्या पावडरीसाठी ९९.९९९ चं मागवू नका. पैसे वाया जातील. का ते पुढे पेलेटपाशी सांगतो. स्फटिक स्वतः वाढवणार असाल तर मात्र लोह आणि गंधक दोन्हींवर खर्च करा.

आता गंधकाच्या रिकाम्या जागा. जुन्या लेखांत तुम्हाला असं वाचायला मिळेल की पायराइटमध्ये गंधक कित्येक टक्के कमी असतं आणि सगळं खापर त्यावर फोडलेलं असेल. रासायनिक विश्लेषणातल्या चुकांना तिथे नको तितकं महत्त्व दिलं गेलं होतं. पायराइट आपलं एकास दोन हे प्रमाण फार घट्ट धरून असतं, टक्क्याच्या भाषेत ते ढळत नाही. पीपीएमच्या भाषेत मात्र ढळतं, आणि आत्ताच बघितलं तसं पीपीएम पुरेसे आहेत. मिनेसोटा विद्यापीठातल्या ख्रिस लेटन आणि एरे आयडिल यांच्या गटाने २०१९ साली हे प्रयोगाने दाखवलं. स्फटिक वाढताना नळीतला गंधकाचा दाब बदलला की इलेक्ट्रॉनांची संख्या त्याप्रमाणे बदलते, इतर अशुद्धी मोजून पाहिल्या तर त्यांनी हिशेब लागत नाही. म्हणजे चांगल्या कच्च्या मालातून वाढवलेला स्फटिक एन-टाइप का होतो, तर मुख्यतः गंधकाच्या रिकाम्या जागांमुळे. हा डोनर, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा दोष, वहनपट्ट्याच्या (मोकळे इलेक्ट्रॉन जिथे वाहतात त्या ऊर्जापातळ्यांच्या) ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा थोडा जास्तच खाली बसतो. खोलीच्या तापमानाला त्यातले थोडेच इलेक्ट्रॉन सुटतात, त्यामुळे हॉल मापनात (चुंबकीय क्षेत्रात ठेवून वाहक मोजण्याच्या पद्धतीत) दिसतात त्यापेक्षा रिकाम्या जागा कितीतरी जास्त असतात. थंड केलं की ते परत अडकतात आणि रोधकता झपाट्याने चढते.

तुमचे स्फटिक एकमेकांशी का जुळत नाहीत, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. पायराइट वितळवून वाढवता येत नाही. ७४३ अंशांच्या आसपास ते वितळण्याऐवजी फुटतं, पायरोटाइट (कमी गंधकाचं लोहाचं सल्फाइड) आणि गंधक वेगळे होतात. म्हणून त्याखाली राहून, ब्रोमिन किंवा क्लोरिनच्या संयुगाच्या मदतीने बाष्पातून वाढवावं लागतं. नळीचं एक टोक साधारण ६५० ते ७०० अंशांवर, दुसरं ५५० ते ६०० वर, आणि मध्ये दोन-तीन आठवडे भट्टीला हात लावायचा नाही. गरम टोकाकडून माल बाष्परूपात निघतो आणि थंड टोकाला बसतो. पण थंड टोक म्हणजे एक बिंदू नव्हे, तिथेही दोन-तीन सेंटिमीटरांत तापमान बदलतं. एका नळीत गंधकाचा दाब सगळीकडे सारखाच, तापमान मात्र वेगळं, त्यामुळे रिकाम्या जागाही वेगळ्या. ज्यांनी स्फटिक दिले त्यांना विचारा: गंधक किती जादा घातलं होतं, कोणता हॅलाइड (ब्रोमिन-क्लोरिनचं संयुग) वापरला, आणि भट्टी बंद केल्यावर नळी हळू थंड केली की लगेच काढली. ही तीन उत्तरं नसतील तर त्या स्फटिकांवर प्रकरण लिहू नका.

(स्वतः नळी भरायची वेळ आली तर एक सांगून ठेवतो. 'जादा गंधक चांगलं' हे वाचून चमच्याने गंधक टाकू नका. गंधक ४४५ अंशांनाच उकळतं. छोट्या नळीत एखादा ग्रॅम जादा झालं तरी ६५० अंशांना ती फुटू शकते, आणि फुटली की क्वार्ट्झ, ब्रोमाइड आणि गंधकाचा धूर सगळं एकदम बाहेर येतं. नळीचं आकारमान मोजा, दाबाचा हिशेब मांडा, गाईडना दाखवा, मगच वजन करा.)

निम्मं उत्तर पृष्ठभागात आहे. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या मॅट लॉ यांच्या गटाने दाखवलं की आतून एन-टाइप असलेल्या पायराइटच्या अंगावर काही नॅनोमीटर जाडीचा उलट्या स्वभावाचा, पी-टाइप थर असतो. खोलीच्या तापमानाला जाड स्फटिकात आतला भाग जिंकतो. थंड करत गेलात की आतले इलेक्ट्रॉन अडकतात, पृष्ठभाग मात्र वाहतच राहतो, आणि एका टप्प्याला हॉलचं चिन्हच पालटतं. लहान किंवा पातळ स्फटिकात हा थर आधीच डोकं वर काढतो. त्यात भर म्हणजे नळीतून काढलेल्या स्फटिकावर थंड होताना बसलेला हॅलाइडचा आणि गंधकाचा पातळ लेप असतो. तो धुतल्याशिवाय, दोन बाजू घासून सपाट केल्याशिवाय आणि जाडी मोजल्याशिवाय घेतलेले आकडे एकमेकांशी लावून बघण्यात हशील नाही. पैलूदार चकचकीत घन तसाच प्रोबखाली ठेवायचा मोह होतो, मला समजतं. तो फोटोसाठी वेगळा काढून ठेवा.

आता तुमचा पेलेट. पावडरीचे कण काही दहा ते काही शंभर नॅनोमीटरचे असतील, तर त्यांत 'आतलं' असं फारसं काही उरतच नाही, सगळा पृष्ठभागच. प्रवाह कणाकणांतून उड्या मारत जातो. अशा वहनात हॉट प्रोब आणि हॉल दोन्ही पी-टाइपसारखे दिसतात, आत काय आहे त्याच्याशी त्यांचा संबंध नसतो. पायराइटच्या पातळ थरांना कित्येक वर्षं लोक पी-टाइप म्हणत आले आणि स्फटिकांना एन-टाइप. हे कोडं मिनेसोटाच्या त्याच गटाने २०१७ मध्ये बरंचसं सोडवलं. मोबिलिटी, म्हणजे वाहक किती सहज हलतात ते, जसजशी घसरत जाते तसतसं चिन्ह एनकडून पीकडे सरकताना दिसतं, डोपिंग बदललेलं नसतानाही. म्हणून तुमचा पेलेट पी-टाइप 'आहे' असं लिहू नका, 'दिसतो' असं लिहा. आणि म्हणूनच तिथे ९९.९९९ चा उपयोग नाही. पीपीएमची अशुद्धी त्या पृष्ठभागाच्या गोंधळात ऐकूच येणार नाही.

हॉट प्रोबच्या बाबतीत एक खात्री करून घ्या, कारण इथे तारा उलट लावणं फार सोपं आहे. मल्टिमीटरची लाल तार गरम टोकाला, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या बाजूला, आणि काळी तार गार टोकाला. मिलिव्होल्ट अधिक आले तर एन-टाइप, उणे आले तर पी-टाइप. आधी माहीत असलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर करून बघा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: स्फटिकात गंधकाच्या रिकाम्या जागा आणि पीपीएमभर कोबाल्ट-निकेल बोलतात, पेलेटमध्ये पृष्ठभाग बोलतो, आणि दोघांची तुलना करून कच्च्या मालावर आरोप ठेवता येत नाही.

आता कोबाल्ट आणि निकेलमधला फरक, म्हणजे तुमच्या प्रश्नातला सगळ्यात रंजक भाग. पायराइटमध्ये लोहाच्या बाहेरच्या कक्षेत ६ डी-इलेक्ट्रॉन असतात आणि ते खालच्या तीन पातळ्यांत जोडीजोडीने भरलेले असतात. वरच्या दोन पातळ्या पूर्ण रिकाम्या. म्हणून पायराइट चुंबकाला चिकटत नाही आणि म्हणूनच तो अर्धवाहक आहे. कोबाल्टकडे ७ इलेक्ट्रॉन. सातव्याला वरच्या रिकाम्या पट्ट्यात जावं लागतं आणि तो तिथे जवळजवळ मोकळाच असतो. डोनर म्हणून कोबाल्टइतका सरळमार्गी दुसरा कोणी नाही: जितका आत गेला, साधारण तितके इलेक्ट्रॉन मिळतात. निकेलकडे ८ इलेक्ट्रॉन, म्हणजे कागदावर दुप्पट दाता. पण प्रत्यक्षात त्याचे इलेक्ट्रॉन खोल पातळीत बसून राहतात, खोलीच्या तापमानाला सुटत नाहीत. टोकाची उदाहरणं घ्या. कोबाल्टचं डायसल्फाइड धातूसारखं वाहतं आणि साधारण १२० केल्विनखाली लोहचुंबक बनतं. निकेलचं डायसल्फाइड, रचना तीच, इलेक्ट्रॉन जास्त, तरी विद्युतरोधक. इलेक्ट्रॉनांची आपसातली रेटारेटीच त्यांना हलू देत नाही. तेव्हा निकेलने फारसं काही केलं नाही हे तुमचं निरीक्षण चुकीचं नाही. फक्त ते योग्य कारणाने आलंय का हे तपासायला हवं.

कारण ५ टक्के ही गोष्ट. बीकरमध्ये ५ टक्के टाकणं आणि जाळीत ५ टक्के बसणं यांत फार अंतर आहे. ऑटोक्लेव्हमध्ये कोबाल्ट आणि निकेलची सल्फाइडं अगदी सहज वेगळी पडतात. कोबाल्टच्या वाहक सल्फाइडाचा पापुद्रा कणांवर बसला तरी रेझिस्टन्स धाडकन खाली येईल आणि तुम्ही त्याला डोपिंग म्हणाल. निकेल पायराइटमध्ये मर्यादेतच मुरतं, तापमान कमी तशी मर्यादाही कमी. म्हणजे दोन शक्यता आहेत: निकेल आत जाऊन गप्प बसलं, किंवा आत गेलंच नाही. रेझिस्टन्सवरून दोन्ही सारख्याच दिसतात.

फरक एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांनी जाळी मोजण्याच्या चाचणीत, कळेल, पण नीट केलं तर. पायराइटचा सेल ५.४१८ अँगस्ट्रॉम, कोबाल्टच्या डायसल्फाइडचा ५.५३८, निकेलच्या डायसल्फाइडचा ५.६८७. मधल्या प्रमाणात सरळ रेषा धरली तर ५ टक्के कोबाल्टने सेल ०.००६ ने वाढेल आणि ५ टक्के निकेलने ०.०१३ च्या आसपास. तांब्याच्या क्ष-किरणांवर ६४.३ अंशांच्या कोनाजवळचं शिखर घेतलं तर ते कोबाल्टमुळे साधारण ०.०८ अंश आणि निकेलमुळे ०.१८ अंश डावीकडे सरकायला हवं. निकेलच्या नमुन्यात सरक दिसलीच नाही तर ते आत गेलेलं नाही, मग त्याच्या स्वभावाबद्दल तुमच्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होत नाही.

मात्र होल्डरमध्ये नमुना एक दशांश मिलिमीटर वर-खाली बसला तरी शिखर ०.०५ अंशांनी हलतं. म्हणून सोबत संदर्भ पदार्थ मिसळावा लागतो, आणि इथे बहुतेक मुलं सवयीने सिलिकॉन घेतात. पायराइटला सिलिकॉन घेऊ नका. सिलिकॉनचा सेल ५.४३१, पायराइटच्या इतका जवळ की २८.५, ४७.४ आणि ५६.३ अंशांजवळची शिखरं एकमेकांवर चढतात. लँथनम हेक्झाबोराइड मिळालं तर उत्तम, नाहीतर चांगलं भाजलेलं शुद्ध ॲल्युमिना चालेल. स्कॅन सावकाश घ्या, शेवटपर्यंत घ्या. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात उपकरण केंद्र आहे. तिथे नमुना देताना 'फेज ओळखायचा नाही, सेल मोजायचा आहे' असं फॉर्मवरच लिहा, नाहीतर घाईचा स्कॅन हातात पडतो.

त्याच स्कॅनमध्ये ५२ अंशांजवळ बघा. तिथे शिखर असेल तर मार्कासाइट आहे, म्हणजे तेच रासायनिक सूत्र पण वेगळी मांडणी. द्रावण जास्त आम्लधर्मी झालं की ते हटकून येतं. ४४ अंशांच्या आसपास काही दिसलं तर पायरोटाइटचा संशय घ्या. पायरोटाइटची घरगुती परीक्षाही आहे: पावडर कागदावर पसरून खालून जोरदार चुंबक फिरवा, कण ओढले गेले तर शंका पक्की. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पायरोटाइट विरघळतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो, पायराइट तसंच राहतं. त्यामुळे धुण्यासाठीही तेच आम्ल कामी येतं, पण फ्यूम हूडमध्ये, आणि अटेंडरना सांगून. तो वायू विषारी आहे, आणि थोड्या वेळाने वास येईनासा होतो तेव्हा तो जास्त धोकादायक असतो.

५ टक्क्यांबद्दल आणखी एक. पाच टक्के कोबाल्ट खरोखर आत गेलं तर ते १० च्या २१ व्या घाताच्या घरात जातं. त्याला डोपिंग म्हणत नाहीत, तो मिश्र स्फटिक झाला, धातूसारखा वाहणारा आणि कमी तापमानाला चुंबकत्व दाखवणारा. सोलर सेलच्या दृष्टीने तो मेलेला माल. डोपिंग बघायचं तर ०.१ टक्क्याच्याही खाली यायला हवं, आणि तिथे ईडीएक्स (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरची मूलद्रव्यं मोजण्याची सोय) आंधळा होतो. त्याची नजर साधारण ०.१ टक्क्यापर्यंतच. त्याखाली नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून आयसीपीवर (द्रावणातले अगदी सूक्ष्म धातू मोजणाऱ्या यंत्रावर) द्यावा लागतो.

मग पी-टाइप कसं करायचं? लोहाच्या जागी काही टाकून नव्हे, गंधकाच्या जागी टाकून. पायराइटमध्ये गंधकाचे अणू जोडीने राहतात. त्या जोडीतल्या एकाच्या जागी आर्सेनिक किंवा फॉस्फरस बसलं, की एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. नैसर्गिक पायराइटमध्येही हेच दिसतं, आर्सेनिकवाले बहुतेक पी-टाइप आणि कोबाल्ट-निकेलवाले एन-टाइप. (कुणी दगडाच्या खाणीतून आणलेला पायराइटचा पिवळा घन बीज म्हणून वापरायचं मनात असेल तर सोडून द्या. एकाच नैसर्गिक घनात थराथराला अशुद्धी बदलते.) सेलेनियम गंधकाच्या जागी सहज बसतं, पण इलेक्ट्रॉनांची संख्या तीच राहते, त्यामुळे युनिट सेल थोडा फुगतो, प्रकार बदलत नाही. आर्सेनिक कॉलेजच्या लॅबमध्ये नको, यावर माझ्याशी वाद घालू नका. फॉस्फरस करण्यासारखं आहे, तेही बंद नळीत आणि लाल फॉस्फरस मिलिग्रॅममध्ये मोजून. पण लक्षात घ्या, गंधकाच्या रिकाम्या जागांनी दिलेले इलेक्ट्रॉन आधी गिळून मग वर छिद्रं उरायला हवीत. म्हणून गंधकाचा दाब पुरेसा नसेल तर कितीही फॉस्फरस टाका, नुसती भरपाई होत राहील आणि रोधकता चढेल. तुम्हाला वाटेल डोपिंग बसलं नाही, प्रत्यक्षात ते बसलेलं असेल पण हिशेब शून्याकडे गेलेला असेल.

आणि समजा पी-टाइप झालंच, तरी सोलर सेल चालेल का? १९८० च्या दशकात बर्लिनच्या हान-माइट्नर संस्थेत हेल्मुट ट्रिबुच, अहमद एन्नाउई आणि सहकाऱ्यांनी पायराइटला सोलरच्या नकाशावर आणलं. प्रकाश शोषण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, मायक्रोमीटरच्याही अंशात काम होतं, बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ०.९५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, करंटही भरपूर मिळाला. व्होल्टेज मात्र ०.२ च्या वर जाईना आणि कार्यक्षमता २.८ टक्क्यांवर अडकली. त्या व्होल्टेजचा गळा पृष्ठभागाने आणि खोल पातळ्यांनी आवळलेला आहे, डोपंट बदलून तो सुटलेला नाही. एम.एस्सी.च्या मुदतीत तर नाहीच. मी तुमच्या जागी असतो तर शीर्षकातून सोलर सेल काढून टाकला असता आणि 'कोबाल्ट आणि निकेल जाळीत किती जातात आणि गेल्यावर काय करतात' एवढंच ठेवलं असतं. त्यात पुरेसं काम आहे, आणि तुमच्या हातात असलेल्या साधनांत ते होतंय.

पावसाळ्याचंही बोलायला हवं, कारण तुम्ही नमुने जूनमध्ये करून ठेवले आणि मापन पुढच्या महिन्यांत केलं असं लिहिलंय. आपल्याकडच्या, त्यातही खानापूरकडच्या त्या हवेत बारीक पायराइट उघडं राहिलं की ऑक्सिजन आणि ओल मिळून त्यावर लोहाचं सल्फेट आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. बाटलीच्या कडेला पांढरट-हिरवट पीठ दिसतं ते हेच. त्या ओलसर सल्फेटमधून आयन वाहतात आणि मग मीटर पी म्हणो की एन, त्याला अर्थ नसतो. अशुद्धी इथेही आपला वाटा उचलते: कृत्रिम स्फटिकांवर झालेल्या प्रयोगांत आर्सेनिक घातलेला पायराइट साध्या पायराइटपेक्षा लवकर गंजतो असं दिसलंय. पावडर सौम्य आम्लाने, मग डिस्टिल्ड पाण्याने, शेवटी अल्कोहोलने धुवा, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशांना सुकवा, सिलिका जेलसकट डेसिकेटरमध्ये ठेवा आणि पेलेट दाबल्यावर त्याच दिवशी मोजा. सिलिका जेल निळी आहे की गुलाबी झालीय हेही बघत चला, लॅबमधली बहुतेक गुलाबीच असते.

क्रम असा ठेवा. जुनी पावडर धुऊन काही न घातलेल्या, कोबाल्टच्या आणि निकेलच्या अशा तिन्ही नमुन्यांचे सावकाश स्कॅन आधी घ्या. त्यात ५२ अंशांना शिखर निघालं तर कोबाल्ट-निकेलचं सगळं बाजूला ठेवून आधी द्रावणाचा पीएच सुधारा. शिखर नसेल आणि सरक दिसली तर त्याच बॅचचा थोडा भाग आयसीपीला द्या, आणि मग ५ टक्क्यांवरून १, ०.३, ०.१ असं खाली या. स्फटिकांना तोवर हात लावू नका, वाढवणाऱ्याकडून वर सांगितलेली तीन उत्तरं तेवढी मागवून घ्या. स्कॅन आले की ते आणि विश्लेषणपत्राचा फोटो इथेच टाका, बघून सांगतो.